बंद दाराचं बोलावणं

ही गोष्ट २०१९ सालची, एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यातली. जॉर्जिया राज्यात, अटलांटाच्या उत्तरेला, जिथे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी नुसती पाइनची झाडं आणि घोड्यांची कुरणं होती, तिथे मॅग्नोलिया रिज नावाची वसाहत आहे. सव्वाशे घरं, सगळी एका साच्यातून काढल्यासारखी. विटांचा रंग कमिटीने ठरवलेला, आणि रस्त्याच्या कडेला पत्रांचा डबा ज्या खांबावर असतो तो खांबही पांढराच हवा असा नियम. त्यात मराठी घरं नऊ. त्यांतल्या एका घरात मृणालिनीबाई सबनीस मुलगा प्रताप आणि सून शुभा यांच्याकडे राहत होत्या.

बाईंना बहात्तरावं लागलं होतं. नोकरी सगळी टेलिफोन एक्स्चेंजमधली. वऱ्हाडातल्या एका तालुक्याच्या गावी सुरुवात झाली आणि नागपूरला शेवट. जन्मभर कानाला हेडफोन लावून बसल्यामुळे बोलणं मोजकं आणि आवाज ठणठणीत. अमेरिकेत येऊन दहा वर्षं झाली होती. आधी प्रताप उत्तरेकडच्या शॉमबर्ग गावी होता, मग त्याचा मित्र अनीश याने त्याला आपल्या कंपनीत नोकरी मिळवून दिली आणि सगळं बिऱ्हाड इकडे आलं. अनीश आणि त्याची बायको रेणू दोन गल्ल्या पलीकडे राहत. घर शोधून दिलं ते त्यांनीच, आणि बाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा पंधरा दिवस डबाही रेणूनेच पाठवला होता.

त्या वर्षी बाईंनी मनावर घेतलं की चैत्रगौरीचं हळदीकुंकू करायचं. कैरीची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी, सगळं यथासांग. शुभा हौशी मुलगी. तिने शनिवारचा दिवस धरला, फोनवर एक फुलाफुलांचं आमंत्रण तयार केलं आणि अर्ध्या तासात सगळ्यांना धाडलंसुद्धा.

"आई, झालं. आठही जणींनी येस केलंय."

"हे कळवणं झालं, शुभा. बोलावणं कुठे झालं?"

"म्हणजे?"

"अगं, हळदीकुंकवाचं बोलावणं घरी जाऊन करायचं असतं. आपण होऊन, पायांनी."

"आई, कामाच्या दिवशी दुपारी कोण घरी असणार? सगळ्या ऑफिसला असतात."

"नसू देत. त्याचीही रीत आहे."

रीत होती ती अशी. बोलावणं करायला गेलेल्या बाईला घर बंद दिसलं, तर तिने तसंच परतायचं नाही. कडीला नाहीतर चौकटीला कुंकवाचं बोट लावून यायचं. घरची बाई परतली की तिला कळायचं, कुणीतरी सवाष्ण आपल्याला बोलवायला येऊन गेली. बाईंच्या आईच्या काळी तर कुंकवाच्या रंगावरून बाया ओळखत, की ही वकिलीणबाईंची पिंजर आणि हे सोनारणीचं कुंकू. बाईंचे यजमान जाऊन आठ वर्षं झाली होती, पण स्वतःच्या कपाळाचं कुंकू त्यांनी उतरवलं नव्हतं आणि त्यावर कुणाशी वादही घातला नव्हता.

तर बुधवारी दुपारी बारा वाजता बाई निघाल्या. पांढरे बूट, कॉटनची साडी, खांद्याला कापडी पिशवी आणि पिशवीत करंडा. कुंकू त्यांनी खोबरेलात कालवून घेतलं होतं, म्हणजे नीट बसावं. पहिलं घर रेणूचं. दाराशी जाऊन त्यांनी बोट पुढे केलं, तोच दाराची घंटा पुरुषी आवाजात बोलायला लागली. आपलं चित्रण चालू आहे, असं काहीतरी ती बजावून सांगत होती. बाई दचकून दोन पायऱ्या मागे आल्या. "बरं बाबा," त्या घंटेला म्हणाल्या, "तुझं चालू दे." मग त्यांनी शहाणपणाने मार्ग काढला. दाराऐवजी रस्त्याकडेच्या पांढऱ्या खांबावर, पत्रांच्या डब्याखाली, बोट टेकवलं. तिथे बोलणारं कुणी नव्हतं. पुढच्या सातही घरी त्यांनी तसंच केलं. वाटेत तीन गाड्या गेल्या. तिन्ही गाड्यांतून लोकांनी हात हलवला. कोपऱ्यावरच्या घरातला ग्रेडी नावाचा गोरा गृहस्थ, वसाहतीच्या कमिटीचा अध्यक्ष, तो तर काच खाली करून "हाय, यंग लेडी" म्हणाला. बाई खूश होऊन घरी आल्या आणि चार तास झोपल्या.

रात्री पाऊस झाला.

गुरुवारी सकाळी रेणू गाडी काढायला बाहेर आली आणि तिला आपल्या खांबावर लाल ओघळ दिसला. तेलकट, गडद, खालपर्यंत उतरलेला. तिने फोटो काढला आणि वसाहतीतल्या भारतीयांच्या ग्रुपवर टाकला. "हे काय आहे? कुणाला माहीत आहे का?" एवढंच लिहिलं होतं तिने, त्यात वाईट काहीच नव्हतं. दहा मिनिटांत दुसरा फोटो आला, मग तिसरा. कुणीतरी मोजून लिहिलं की खुणा फक्त मराठी घरांवर आहेत. कुणीतरी लिहिलं की टेक्सासमध्ये अशीच घरं हेरून, खुणा करून, सोनं लुटलं होतं. हे खरं की खोटं कुणी विचारलं नाही. दुपारपर्यंत ओघळाचं रक्त झालं, खुणेची टोळी झाली, आणि दीडच्या सुमाराला टोळीला चेहरा मिळाला. एका बाईने गाडीतूनच फोटो काढला होता: साठीचा एक काळा माणूस, केशरी जाकीट, पाठीवर पिशवी, हातात लोखंडी आकडा, एका खांबाजवळ वाकलेला.

आठ मराठी घरं, आणि एकाही बाईला कुंकू ओळखू आलं नाही.

शुभा त्या दिवशी घरूनच काम करत होती. तीन-सव्वातीनला ती फोन घेऊन स्वयंपाकघरात आली. बाई हरभरे निवडत होत्या.

"आई, आज बाहेर पडू नका हं. काहीतरी भयंकर चाललंय. हे बघा."

बाईंनी चष्मा लावला. पहिला फोटो बघितला आणि हसल्या.

"अगं, हे माझं कुंकू."

"काय?"

"बोलावणं करून आले ना काल. पावसाने ओघळलेलं दिसतंय. तेल जरा जास्तच झालं."

शुभाचा चेहरा पार उतरला. तिने खुर्ची ओढली आणि बसली. "आई! तुम्ही मेलबॉक्सला... अहो, अख्खी वसाहत पेटलीय. पोलिसांना कळवलंय. ग्रेडी गोल्फ कार्ट घेऊन फिरतोय. अनीश काम सोडून घरी आलाय."

"मग सांग त्यांना. लिही, सासूबाईंनी कुंकू लावलं म्हणून."

शुभाने लिहायला घेतलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. आपली किती शोभा होईल हे तिला दिसत होतं, आणि त्यात तिचा दोष नाही; माणसाला आधी आपलंच घर दिसतं. शेवटी तिने लिहून पाठवलं. तिच्या निरोपावर लगोलग वीस निरोप येऊन पडले आणि तो वर कुठेतरी वाहून गेला. तिने रेणूला फोन लावला. रेणू दुसऱ्या कुणाशी तरी बोलत होती. पुन्हा लावला. बोलतच होती. मग ग्रुपवर एक ओळ आली: तळ्याजवळ त्याला अडवलंय, सगळे या, शाळेची बस यायच्या आत.

शुभा पुन्हा फोन लावायला लागली. ते बघता बघता बाईंचा हात हरभऱ्यांतच थांबला.

पन्नास वर्षांपूर्वी, १९६९ साली, त्या अशाच एका नंबरची घंटी वाजवत बसल्या होत्या. गावाच्या नदीवर पूल बांधायचं चाललं होतं. पुलाच्या पायात पोर पुरल्याशिवाय खांब उभा राहत नाही, कंत्राटदाराची माणसं पोरं पळवतात, अशी वावडी उठली होती. त्यात एका किराणा दुकानदाराचा मुलगा सकाळपासून दिसेना. दुपारी अकोल्याहून दुकानाच्या नंबरवर ट्रंक कॉल आला. दुकानात उचलायला कुणी नव्हतं, सगळे शोधायला गेलेले. पलीकडून मुलाचा मामा म्हणाला, "बाई, तेवढा निरोप द्या हो. पोरगं रागावून माझ्याकडे निघून आलंय." निरोप पोचवणं ऑपरेटरचं काम नव्हतं. बोर्ड सोडून उठायची मनाई होती. मृणालिनीबाई बावीस वर्षांच्या, नोकरी नवी. त्यांनी वहीत 'उत्तर नाही' असं लिहिलं आणि दीड तास घंटी देत राहिल्या. बाजारपेठ खिडकीतून दिसायची. तिथे परगावच्या एका कल्हईवाल्याला लोकांनी धरलं होतं. त्याच्या पोत्यात लहान मुलाचं वाळं सापडलं म्हणे. ते त्याच्याच मुलीचं होतं. त्याचा एक डोळा गेला. बाईंची नोकरी मात्र राहिली. पुढे बढतीही मिळाली.

त्यांनी पदराला हात पुसले, पिशवी खांद्याला लावली.

"आई, कुठे निघालात? प्रतापला येऊ द्या. तिथे ग्रेडीकडे पिस्तूल असतं कमरेला!"

"म्हणूनच. प्रताप यायला पाऊण तास लागेल. आणि फोनवर काही पोचत नाही, शुभा. तू बघतेयस ना?"

"मी गाडी काढते."

"काढ. मी चालायला लागते."

तळं घरापासून तीनशे पावलांवर. शुभा चावी शोधून गाडी काढेपर्यंत बाई वळणावर पोचल्यासुद्धा होत्या. समोर पंचवीस-तीस माणसं. निम्मे आपले, निम्मे गोरे. सणावारी, बार्बेक्यूला कधी एकत्र न आलेली माणसं त्या दिवशी खांद्याला खांदा लावून उभी होती. मधे तो माणूस. त्याची पिशवी गवतावर उपडी केलेली होती: पाण्याची बाटली, कागदात गुंडाळलेलं सँडविच, गोळ्यांची डबी. गळ्यातलं ओळखपत्र तो पुढे धरून होता.

"मी पाण्याचे मीटर वाचतो," तो म्हणत होता. आवाज शांत, फार शांत. असा शांतपणा माणूस लहानपणापासून शिकत आलेला असतो. "झाकण उचलायला हा आकडा आहे. माझं नाव टॉलिव्हर. ऑफिसला फोन करून विचारा."

"असली कार्डं कुठेही छापून मिळतात," ग्रेडी म्हणाला. त्याचा उजवा हात कमरेवर होता.

"आणि जाकीट ऑनलाइन," मागून कुणीतरी म्हणालं.

टॉलिव्हर गोळ्यांची डबी उचलायला वाकला. अनीशने आकडा त्याच्या हातातून हिसकला आणि छातीवर दोन्ही हातांनी ढकललं. तो मागे गेला, मीटरच्या उघड्या झाकणात पाय अडकून पडला, आणि भुवई सिमेंटच्या कडेवर आपटली. बाईंनी हे बारा-पंधरा पावलांवरून स्वच्छ पाहिलं.

"होल्ड द लाइन, प्लीज!"

एके काळी मंत्र्यांचे सेक्रेटरीसुद्धा ज्या आवाजाला गप्प होत तो आवाज होता. माणसं वळली. साडीतली एक म्हातारी बाई गर्दीतून वाट काढत आली, नव्हे, वाट आपोआप झाली. ती सरळ शेजारच्या खांबाजवळ गेली. पिशवीतून करंडा काढला, बोट बुडवलं आणि जुन्या डागाशेजारी नवा डाग लावला. तोच रंग, तेच बोट.

"माय वर्क," बाई इंग्रजीत म्हणाल्या. "ऑल एट हाउसेस. यस्टरडे, ट्वेल्व्ह ओ'क्लॉक. ही वॉज नॉट हिअर यस्टरडे." मग मराठीत अनीशला, "अरे, शनिवारच्या हळदीकुंकवाचं बोलावणं होतं ते. घर बंद होतं म्हणून कुंकू लावून गेले. तुझ्या आईला विचार, साताऱ्याला फोन करून. ती सांगेल."

एक बाई फिस्सकन हसली. तेवढ्याने मिटायला हवं होतं. पण जमाव एकदा जमला की त्याला रिकाम्या हाताने घरी जाववत नाही.

"काकू, ओके," अनीश म्हणाला. त्याला धाप लागली होती. "ते कुंकू असेल. पण हा इथे काय करतोय? तुम्हाला इथलं माहीत नाही. ह्या लोकांचं..."

"कुठल्या लोकांचं?"

"काकू, प्लीज. तुम्ही घरी जा."

"जाते. आधी मला एक सांग. तुझ्या दारावर कॅमेरा आहे. काल मी तुझ्या दाराशी गेले, तो माझ्याशी बोललासुद्धा. त्यात मी दिसले असेन ना?"

अनीशच्या मागे रेणू उभी होती, ऑफिसचा पट्टा अजून गळ्यात. तीच हळूच म्हणाली, "दिसलात, काकू. सकाळीच सगळं फुटेज बघितलं आम्ही. तुम्ही दिसलात, मग खांबाजवळ थांबलात. पण म्हटलं, प्रतापची आई आहे... आणि फुटेज पुढे ढकललं."

"पुढे ढकललंत," बाई म्हणाल्या. ग्रेडीकडे बोट करून त्यांनी आपल्या एक्स्चेंजच्या इंग्रजीत सांगितलं की काल ह्यांनी मला गाडीतून पाहिलं, हात केला. खांबापाशी वाकलेली होते मी, हातात लाल रंग होता. मला कुणी हटकलं नाही. मी चोर असते तर एव्हाना आठ घरं धुऊन नेली असती आणि तुम्ही मला गुड आफ्टरनून म्हणाला असतात.

ग्रेडीचा हात कमरेवरून खाली आला. त्याने तो खिशात घातला, पुन्हा काढला. तो कुठे ठेवावा हे त्याला कळेना.

बाई टॉलिव्हरशेजारी सिमेंटच्या कडेवर बसल्या. ऑपरेशनचा गुडघा असा वाकवायची मनाई होती. "आता ज्याला चोर धरायचा आहे त्याने आम्हा दोघांना धरावं," त्या म्हणाल्या. "पोलीस येईपर्यंत मी उठत नाही."

लोक पांगायला लागले. आधी मागची माणसं गेली, जणू ती कधी नव्हतीच. शुभा गाडी लावून धावत आली, तिने आपली ओढणी घडी करून त्या माणसाच्या भुवईवर धरायला दिली. त्याने ती घेतली.

"मला क्षमा करा," बाई त्याला म्हणाल्या.

टॉलिव्हरने त्यांच्याकडे पाहिलं. एक डोळा रक्ताने मिटलेला. "मॅडम," तो म्हणाला, "माझी आजी ह्या काउंटीच्या नावाने थुंकायची. सूर्य मावळायच्या आत आमच्या माणसांनी इथून बाहेर पडायचं असा इथला नियम होता. मी तिला सांगायचो, ते दिवस गेले. आज अजून चार पण वाजले नाहीत." मग ओढणी भुवईवर दाबत म्हणाला, "क्षमेचं आज नको."

बाईंनी मान हलवली. हेही रास्त होतं.

पोलीस आले, आणि आल्याबरोबर शिपायाने आधी टॉलिव्हरचंच ओळखपत्र मागितलं. बाई उठून उभ्या राहिल्या. "फर्स्ट, राइट माइन," त्या म्हणाल्या. शिपायाने जरा नवलाने वही काढली. कुंकू कुणी लावलं, आकडा कुणी हिसकला, धक्का कुणी दिला, सगळं त्यांनी नावांनिशी सांगितलं.

खरी परीक्षा त्यानंतर आली. शुक्रवारी संध्याकाळी अनीश आणि रेणू घरी आले. रेणूचे डोळे सुजलेले. प्रतापने चहा ठेवला आणि सगळे असे बसले जसे सांत्वनाला बसतात.

"काकू," अनीश म्हणाला, "माझं ग्रीन कार्ड लागायच्या बेतात आहे. बारा वर्षं थांबलोय. असॉल्टची केस उभी राहिली तर सगळं संपलं. आन्या सहा वर्षांची आहे, तिला ह्याच्याशिवाय दुसरा देश माहीत नाही."

"मग काय करू मी?"

"फक्त एवढं म्हणा की लांबून नीट दिसलं नाही. गर्दी होती. तुमचं वय आहे, चष्मा आहे... कुणी काही म्हणणार नाही. बाकीचे सगळे तेच सांगतायत. वकील म्हणतो, संशयिताला धरून ठेवायची इथल्या कायद्यात मुभा आहे, फक्त तो धक्का आडवा येतोय."

प्रताप खाली बघत म्हणाला, "आई, तो वाईट माणूस नाहीये गं. तू ओळखतेस त्याला."

"ओळखते. म्हणूनच त्याच्या तोंडावर बोलतेय." बाई अनीशकडे वळल्या. "तुझ्या घरचं पंधरा दिवस खाल्लंय मी. ते विसरायची नाही. तू सांगशील त्या देवळात येऊन तुझ्यासाठी नवस बोलेन. रेणूला म्हणशील तर आन्याला सांभाळायला रोज येईन. पण दिसलं नाही असं नाही म्हणणार. मला दिसलं."

"एका... एका मीटरवाल्यासाठी?" रेणू रडत म्हणाली. "तो तुमचा कोण लागतो, काकू?"

"कुणी नाही. म्हणून तर त्याचं खरं आपल्याला बुडवता येतं, रेणू. आपल्या माणसाचं बुडवलं असतं का?"

चहा तसाच गार झाला. दारापर्यंत पोचवायला प्रताप गेला आणि बराच वेळ आत आला नाही. आत आला तो आईशी न बोलता जिना चढून गेला.

शनिवारी हळदीकुंकू झालं. आठातल्या तिघी आल्या. बाईंनी डाळ-पन्हं यथास्थित दिलं, ओट्या भरल्या, आणि उरलेली डाळ पुढे तीन दिवस शुभा आणि बाई, दोघींनीच खाल्ली.

पुढे काय झालं तेही सांगायला हवं.

टॉलिव्हरने केस केली. सुनावणी लांबत गेली, मग साथ आली, आणि २०२० च्या ऑगस्टमध्ये बाईंनी जेवणघरातल्या टेबलापाशी लॅपटॉपसमोर बसून जबानी दिली. समोरच्या वकिलाने त्यांचं वय तीनदा विचारलं. तिन्ही वेळा त्यांनी न चुकता तेच सांगितलं. ग्रेडीने माणसाला अडवून ठेवल्याचा आणि अनीशने धक्क्याचा, असा अखेर दोघांनीही गुन्हा कबूल केला. तुरुंग टळला, समाजसेवेची शिक्षा झाली. ग्रेडीला कमिटी सोडावी लागली. घर विकून तो कॅरोलायनातल्या भावाकडे गेला, आणि जाताना शेजाऱ्यांना सांगून गेला की वसाहत आता पूर्वीची राहिली नाही. टॉलिव्हरने मीटरचं काम सोडलं. तो मेकन गावी मुलीकडे राहतो असं वकिलाकडून कळलं. बाईंचा आणि त्याचा पुढे काही संबंध राहिला नाही. राहायला ती ओळख काही लग्नात झालेली नव्हती.

प्रताप आठ महिने आईशी कामापुरतं बोलला. पुढे हळूहळू निवळलं. पण अनीशसारखा मित्र त्याला पुन्हा मिळाला नाही, हे त्याने एकदा बोलून दाखवलं आणि बाईंनी ते ऐकून घेतलं. शुभा मात्र वेगळीच निघाली. वसाहतीच्या कमिटीची निवडणूक लढवून ती निवडून आली, आणि कुणाचाही फोटो ग्रुपवर टाकायचा नाही हा नियम तिने भांडून करून घेतला. तो फारसा कुणी पाळत नाही. ती प्रत्येक वेळी भांडते.

बाई २०२१ पासून शॉमबर्गला मुलीकडे, नंदाकडे असतात. तिथली थंडी त्यांना सोसते.

अनीशचं ग्रीन कार्ड बुडालं नाही, पण तीन वर्षं लांबलं. त्याआधीच ते तिघं पार पश्चिम किनाऱ्यावर, फ्रीमाँटला निघून गेले होते. त्यांनी बाईंशी सगळा संबंध तोडला होता; दिवाळीला फोन नाही की काही नाही. २०२४ च्या जानेवारीत, एका रविवारी सकाळी, नंदाच्या घरचा फोन वाजला.

"काकू, मी अनीश."

"बोल रे."

"आन्या आता अकरा वर्षांची आहे. शाळेत काहीतरी प्रोजेक्ट आहे, फॅमिली हिस्टरी वगैरे. तिने विचारलं, आपण जॉर्जिया का सोडलं. रेणू म्हणाली, जॉब चेंज म्हणून सांग. मी खरं सांगितलं, काकू. सगळं. धक्क्याचंसुद्धा."

"मग? काय म्हणाली ती?"

"काहीच नाही. उठली आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. दोन तास झाले."

बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. पलीकडे त्याचा श्वास ऐकू येत होता.

"येईल बाहेर," त्या म्हणाल्या. "तू दारापासून हलू नकोस."